डायबिटीसमध्ये त्वचेचं इन्फेक्शन सारखं का होतं, आणि ते रोखायला रोज नेमकं काय करायचं

एक गळू बरं झालं की दुसरं येतं, जांघेतली खाज जाते आणि पावसाळा नसतानाही पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, साधं खरचटलेलं पंधरा दिवस ओलंच राहतं. शुगर असलेल्या बऱ्याच लोकांचं हे असंच चाललेलं असतं आणि आजूबाजूचे सांगतात की रक्त खराब झालंय, नाहीतर स्वच्छता कमी पडतेय. हे दोन्ही डोक्यातून काढून टाका. दिवसातून दोनदा अंघोळ करणाऱ्या माणसालाही हे होतं, त्यामुळे लाज वाटून लपवू नका, विशेषतः जांघेतलं आणि लघवीच्या जागेचं, कारण लपवण्यात जे दिवस जातात तेच सगळ्यात महाग पडतात.

आधी कारणं नीट समजून घेऊ, कारण पुढचं प्रत्येक काम त्यातूनच निघतं

आपल्या त्वचेवर जंतू आणि बुरशी कायम असतातच, सगळ्यांच्याच. त्यातला एखादा चिरेतून आत शिरला की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे धावत जातात, त्याला गिळतात आणि मारतात. रक्तात साखर बराच काळ जास्त राहिली की या पेशी जागेवर पोचायला उशीर करतात, जंतू पकडण्यात आणि मारण्यातही ढिल्या पडतात. बरं यात चांगली गोष्ट ही की शुगर ताब्यात आली की त्यांचं काम बरंचसं सुधारतं, म्हणजे हे नुकसान कायमचंच आहे असं नाही.

दुसरं कारण रक्तपुरवठा. डायबिटीसमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान होतं आणि पायाच्या मोठ्या वाहिन्याही अरुंद होऊ शकतात. मग जखमेपर्यंत ऑक्सिजन कमी, पांढऱ्या पेशी कमी आणि तुम्ही गोळी घेतली तरी अँटिबायोटिकही कमीच पोचतं. त्यात सिगारेट असेल तर वाहिन्या अजून आवळतात, म्हणून डायबिटीस आणि तंबाखू ही जोडी पायांसाठी फार वाईट.

तिसरं कारण नसा, आणि माझ्या मते हेच लोकांना सगळ्यात कमी माहीत असतं. नसा खराब झाल्या की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे पायाची संवेदना जाते, खडा टोचला, चप्पल घासली, चटका बसला तरी कळत नाही. दुसरी म्हणजे पायाला घाम येणं कमी होतं, त्वचा कोरडी पडते, टाचांना भेगा जातात आणि प्रत्येक भेग म्हणजे जंतूंना आत यायला उघडं दार.

आणि चौथं, साखर हे यीस्टचं, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीचं, आवडतं खाणं आहे. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीत उतरायला लागते, मग लघवीच्या जागी कॅन्डिडा नावाचं यीस्ट वाढतं, बायकांना योनीमार्गात खाज आणि पांढरा दह्यासारखा स्राव, पुरुषांना शिश्नाच्या टोकाला लाली आणि कातडी मागे न सरकणं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या मुद्दाम लघवीतून साखर बाहेर काढतात, त्यामुळे रक्तातली शुगर छान असूनही हा त्रास होऊ शकतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, हृदय आणि किडनीसाठी त्या खूप कामाच्या आहेत, पण डॉक्टरांना सांगा नक्की.

यात अजून एक फेरा आहे. इन्फेक्शन झालं की शरीर कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनॅलिन ही हॉर्मोन्स सोडतं, त्यांनी शुगर वाढते, वाढलेल्या शुगरने इन्फेक्शन जोर धरतं. म्हणून खाण्यात काही बदल नसताना शुगर अचानक चढायला लागली तर आधी अंगावर कुठे काही झालंय का ते शोधा.

काय काय होतं, ओळखायचं कसं

सगळ्यात जास्त दिसतं ते स्टॅफिलोकॉकस या जंतूमुळे होणारं. केसाच्या मुळाशी पुळी, मग गळू, आणि चार-पाच गळवं एकत्र येऊन मानेवर किंवा पाठीवर मोठा दुखरा गड्डा झाला तर ते कार्बंकल, ते घरी बरं करण्याची गोष्ट नाही. पापणीला रांजणवाडी, नखाच्या कडेला नखुरडं हीसुद्धा याच घरातली.

सेल्युलायटिस वेगळा, यात त्वचेखाली जंतू पसरतात, बहुतेक वेळा एकाच पायाला, जागा लाल, गरम, सुजलेली, ताणलेली. सावळ्या किंवा काळ्या रंगावर लाली नीट दिसत नाही, जांभळट किंवा नुसतंच गडद दिसतं, म्हणून हाताची मागची बाजू लावून दोन्ही पायांची उष्णता ताडून बघा, फरक लगेच कळतो.

बुरशीमध्ये गजकर्ण, म्हणजे गोल चट्टा, कडा उठावदार आणि खाज भयंकर. चिखल्यांमध्ये बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी, ओली, सुटलेली. नखं जाड, पिवळी, ठिसूळ. आणि स्तनांखाली, पोटाच्या घडीत, काखेत, जांघेत लालभडक ओलसर चट्टा आणि त्याच्या आजूबाजूला सुट्या बारीक पुळ्या असतील तर बहुधा कॅन्डिडा. घडीत तपकिरी, खाज नसलेले डाग असतील तर ते एरिथ्राझ्मा असू शकतं, ते जंतूंचं असतं, त्यावर बुरशीचंच म्हणून औषध चोळत बसण्यापेक्षा आधी दाखवलेलं बरं.

प्रत्येक डाग इन्फेक्शन नसतो हेही लक्षात ठेवा. मानेवरचा काळा मखमली पट्टा इन्सुलिन रेझिस्टन्समुळे, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही म्हणून येतो, तो घासून जात नाही, घासघास घासून लोक मान सोलून घेतात आणि मग खरंच इन्फेक्शन होतं. नडगीवरचे तपकिरी खोलगट डागही निरुपद्रवी असतात.

पायरी १: शुगरचा आकडा

मलमं कितीही लावा, शुगर ३०० वर असेल तर बुरशी जाऊन परत येणारच. एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण ३ महिन्यांची सरासरी, बऱ्याच मोठ्या माणसांसाठी ७ टक्क्यांच्या खाली हे लक्ष्य असतं, वयस्कर किंवा शुगर खूप खाली जाणाऱ्यांसाठी डॉक्टर थोडं सैल ठेवतात. इन्फेक्शन चालू असताना मात्र या सरासरीकडे बघून उपयोग नाही, ग्लुकोमीटरवर रोजच्या रोज बघायचं, इन्सुलिनवर असाल तर दर ४ तासांनी. जेवण जात नाहीये म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणं ही धोक्याची गोष्ट आहे, टाइप १ वाल्यांनी तर अजिबात नाही. उलट मेटफॉर्मिन आणि वर सांगितलेल्या लघवीतून साखर काढणाऱ्या गोळ्या उलट्या, जुलाब किंवा जोरदार ताप असताना काही दिवस थांबवाव्या लागू शकतात, ते फोन करून विचारा.

पायरी २: रोज डोळ्यांनी बघणं

सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. नसा बधिर असतील तर दुखणं हा इशारा बंद पडलेला असतो, "दुखत नाहीये ना, मग काही नाही" हे वाक्य डायबिटीसमध्ये उलटं वाचायचं, जखम दिसतेय आणि दुखत नाहीये म्हणजे जास्त काळजी.

माझ्या आईचे पाय रोज रात्री मी बघतो, ते कसं ते सांगतो. ती पलंगावर पाय लांब करते, मी मोबाईलचा टॉर्च वरून न मारता तिरका मारतो, तिरक्या उजेडात बारीक भेग आणि फोड उठून दिसतात, सरळ उजेडात सगळं सपाट दिसतं. आधी तळवा, मग टाचेची कड, मग एकेक बोट बाजूला करून प्रत्येक बेचकं, ते खरंच उघडून बघायचं, वरवर नाही. मग नखांचे कोपरे. मग हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पावलांची उष्णता. मोजा उलटा करून त्यावर कुठे ओला, पिवळा किंवा रक्ताचा डाग आहे का तेही, कारण कधी कधी जखमेच्या आधी मोजा सांगतो. सवय झाली की दोन-तीन मिनिटांत होतं.

एकटे राहात असाल तर जमिनीवर आरसा ठेवून तळवा वर धरा, वाकता येत नसेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघा. नजर कमी असेल तर दुसऱ्याची मदत घ्याच, डायबिटीसमध्ये डोळे आणि पाय दोन्हींचा त्रास एकत्र असणं काही दुर्मीळ नाही. अंघोळीनंतर काखा, स्तनांखाली, पोटाची घडी, जांघा आणि इन्सुलिन घेत असाल तर टोचायच्या जागा यावरही नजर टाका. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्या, १० ग्रॅमच्या नायलॉनच्या तारेने टोचून बघतात, दुखत नाही, लगेच होतं.

पायरी ३: अंघोळ, कोरडं करणं, क्रीम

पाणी कोमट, ३७ अंशांच्या आसपास, आणि गरम किती आहे ते पायाने बघायचं नाही, कोपराने बघायचं, किंवा घरातल्या दुसऱ्याला बघायला सांगायचं. गरम पाण्याची पिशवी आणि शेकोटी बधिर पायांपासून लांब. पाय पाण्यात बुडवून ठेवू नका, कातडी फुगते आणि फाटते.

मग पुसणं. घासून नाही, टिपून, आणि बेचकी वेगळी वेगळी. घड्या पूर्ण कोरड्या होईपर्यंत कपडे घालायची घाई नको, पंख्याखाली दोन मिनिटं बसा. हातपायांना मात्र त्वचा किंचित ओलसर असतानाच साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर, टाचांना जरा जास्त, पण बोटांच्या बेचक्यात अजिबात नाही, तिथे ओलावा राहिला की चिखल्या. हा फरक बरेच जण चुकवतात, टाच कोरडी म्हणून क्रीम आणि तोच हात बेचक्यातही फिरतो. टाचेला क्रीम, बेचकं कोरडं, एवढं पक्कं ठेवा.

कोरड्या त्वचेला खाज येते, खाजवलं की नखांनी ओरखडे आणि तिथून जंतू आत, म्हणून मॉइश्चरायझर हे दिसण्यासाठी नाही तर इन्फेक्शन टाळण्यासाठी आहे. सुती कपडे, घाम आला की बदलायचे, आतले कपडे रोज धुतलेले आणि पूर्ण वाळलेले. टॉवेल, रेझर, नेलकटर आपापलं. लघवीच्या जागेला आतून साबण किंवा सुगंधी वॉश नको, साध्या पाण्याने धुवून कोरडं करा.

पायरी ४: नखं, भोवऱ्या, चपला

नखं सरळ कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत, कडा फाइलने गुळगुळीत. भोवरी ब्लेडने कापू नका आणि मेडिकलमध्ये मिळणारी भोवरीची पट्टी लावू नका, तिच्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, बधिर पायावर ते चांगली कातडीही खातं आणि कळत नाही. अनवाणी चालणं घरातसुद्धा बंद. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात घालून खडा, खिळा, वर आलेली शिवण तपासा. बूट संध्याकाळी घ्या कारण तोवर पाय थोडे फुगलेले असतात, सकाळी बसलेला बूट रात्री चावतो. मोज्याचं इलॅस्टिक घट्ट नको.

पायरी ५: जखम झालीच तर

वाहत्या स्वच्छ पाण्याने नीट धुवा, आजूबाजूला साबण चालेल. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, घरातले लेप, पावडर यातलं काही जखमेत ओतू नका, नवीन येणाऱ्या पेशीही त्यात मरतात. पेट्रोलियम जेली किंवा डॉक्टरांनी दिलेलं मलम, वर स्वच्छ गॉज, रोज बदलायचं. जखम उघडी ठेवून सुकवायची ही जुनी समजूत आहे, झाकलेली आणि किंचित ओलसर जखम लवकर भरते.

लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा आणि बाजूला वेळ लिहा. काही तासांत लाली रेघेबाहेर गेली तर ते पसरतंय, मग वाट बघण्यात अर्थ नाही. आणि तळव्याची कुठलीही जखम, कितीही छोटी, एका दिवसात दाखवून घ्या.

गळू दाबायचं नाही, फोडायचं नाही, नाकाजवळचं आणि वरच्या ओठावरचं तर मुळीच नाही, तिथल्या शिरा आत मेंदूच्या बाजूला जोडलेल्या असतात. कोमट ओल्या कपड्याने शेक चालेल, पण बधिर जागेवर नाही. मोठं झालं तर डॉक्टर चीर देऊन पू काढतात, नुसत्या गोळीने आतला पू जात नाही.

पायरी ६: क्रीम आणि गोळ्या घेताना

मेडिकलमधून "खाजेचं क्रीम" म्हणून जी ट्यूब मिळते तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असतं. दोन दिवसांत खाज थांबते म्हणून वाटतं बरं झालं, प्रत्यक्षात स्टेरॉइड लाली दाबतं आणि बुरशी आतून पसरत जाते, चट्टा ओळखू येईनासा होतो, जांघेतली कातडी पातळ होते. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, बेक्लोमेटासोन यातलं नाव दिसलं तर गजकर्णाला लावू नका. ही सवय मोडायला हवी, मी हे कितीही वेळा सांगायला तयार आहे. बुरशीचं साधं मलम चट्ट्याच्या कडेबाहेर २ सेंटिमीटरपर्यंत लावायचं आणि डाग गेला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे.

गोळ्यांमध्येही एक गंमत नसलेली गोष्ट आहे. फ्लुकोनाझोल ही बुरशीची गोळी आणि को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक, दोन्ही ग्लिमेपिराइड किंवा ग्लिपिझाइड या शुगरच्या गोळ्यांसोबत घेतल्यावर शुगर खूप खाली जाऊ शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गटात शुगर खालीही जाते आणि वरही. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं तर शुगर चढतेच. म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या, आणि त्या दिवसांत घाम, थरथर, गरगर झाली तर आधी शुगर बघा.

थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल

ताप किंवा थंडी वाजून येणं. लाली पसरत जाणं किंवा वर चढणारी लाल रेघ. बाहेरून थोडंसं दिसतंय पण दुखतंय असह्य, किंवा कातडी जांभळी-काळी होतेय, फोड येतायत, हात लावला की करकर जाणवतेय, हे खोल पसरणारं इन्फेक्शन असतं आणि त्यात तास मोजायचे असतात. लघवीची जागा आणि गुदद्वार यांच्यामधली जागा सुजून दुखणं आणि ताप, हेही तसंच, लघवीतून साखर काढणाऱ्या गोळ्यांवर असाल तर जास्तच सावध. पाऊल एकदम गरम आणि सुजलेलं पण जखम नाही, दुखतही नाही, तर आतली हाडं ढासळत असू शकतात, त्या पायावर वजन टाकू नका. वयस्कर माणसाला रात्री झोपू न देणारी कानदुखी आणि कानातून स्राव. चेहऱ्याची एक बाजू किंवा डोळा सुजणं, दोन-दोन दिसणं, नाकातून काळपट येणं. आणि उलट्या, खोल जोरात श्वास, तोंडाला फळासारखा वास, शुगर उतरतच नाही, हे कीटोॲसिडोसिसचं, म्हणजे रक्तात आम्ल साठण्याचं लक्षण.

सारखं सारखंच होत असेल तर

स्टॅफ जंतू बऱ्याच लोकांच्या नाकात राहतो, गळवं वारंवार येत असतील तर डॉक्टर नाकातला स्वॅब घेऊन मलम देऊ शकतात आणि पूची कल्चर टेस्ट करून कोणतं अँटिबायोटिक चालेल ते बघतात, ही टेस्ट अँटिबायोटिक सुरू करण्याआधी केलेली बरी. इन्सुलिन सारखं एकाच जागी टोचलं तर तिथे चरबीचा गोळा होतो आणि त्यातून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, मग शुगर वरखाली होते आणि पुन्हा इन्फेक्शन, म्हणून जागा बदलत राहायची आणि सुई नवीन. नागीण होण्याचा धोकाही डायबिटीसमध्ये जास्त असतो, पन्नाशीनंतर तिच्या लसीबद्दल विचारून ठेवा.

घरात ज्यांना डायबिटीस आहे असं माहीत नाही, पण गळवं, जांघेतली बुरशी किंवा योनीमार्गातलं यीस्ट सारखं होतंय, त्यांची शुगर तपासा. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या तपासणीतही तेच आलं तर तो डायबिटीस धरतात. कित्येकांना डायबिटीस आहे हे अशा एखाद्या न बऱ्या होणाऱ्या गळवामुळेच कळतं.

डॉक्टरांकडे जाताना पहिल्या दिवसापासूनचे फोटो तारखेसकट, मागच्या आठवड्याचे शुगरचे आकडे आणि लावलेल्या प्रत्येक क्रीमची ट्यूब सोबत न्या, रिकामी असली तरी.